बेलफास्टचा मोठा मासा

आज जाऊया उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला. तिथे लॅगन नदीच्या काठावर 10 मीटर लांबीचा एक निळा मासा आहे. नाव साधंच, 'द बिग फिश'. शिल्पकार जॉन काइंडनेस, साल 1999.

जवळ गेलात की कळतं, याची खवलं म्हणजे छापील सिरॅमिक फरशा आहेत. त्यांवर शहराचा इतिहास: जुनी चित्रं, मजकूर, वर्तमानपत्रांचे मथळे. पोटात टाइम कॅप्सूलसुद्धा ठेवलीय.

पण मासाच का? सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला वासाच्या आठवणीवर आपल्याच नदीत परततो. लिननच्या गिरण्या आणि जहाजबांधणीने बेलफास्ट श्रीमंत झालं, घाण मात्र लॅगनच्या वाट्याला आली. मासे दिसेनासे झाले. 1994 मध्ये तिथे बंधारा झाला, नदीची सफाई झाली आणि सॅमन परत आला. हे शिल्प त्या परतण्याचं.

आता गंमत बघा. इथेच फारसेट नदी लॅगनला मिळते. शहराच्या आयरिश नावात तिचंच नाव दडलंय. पण ती स्वतः हाय स्ट्रीटखाली, बंद बोगद्यातून वाहते!

म्हणजे एक नदी सावरली, दुसरी गाडलेलीच राहिली. म्हणून मला हा मासा नुसता सेल्फी पॉइंट वाटत नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत, ही सतत चालणारी टेस्ट आहे. नदीत सॅमन येतोय तोवर पास. यायचा थांबला, तर याच शिल्पाचं थडगं होईल.

तुमच्या गावच्या नदीत कोणते मासे मिळायचे? आज आजीला विचारा.