अजिंठ्याला आलेला शाईचा यात्रिक

अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती कोणी केल्या, असे विचारले की आपल्याकडे ठरावीक नावे पुढे येतात. 1844 पासून वर्षानुवर्षे खपणारा रॉबर्ट गिल. 1872 नंतर जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे पेस्तनजी बोमनजी, जयराव राघोबा, जगन्नाथ अनंत यांच्यासारखे विद्यार्थी. पुढे लेडी हेरिंगहॅम आणि त्यांच्याबरोबर आलेले तरुण नंदलाल बोस. या यादीत एक नाव सहसा येत नाही. ते म्हणजे चिनी शाईचित्रांचा विसाव्या शतकातला सर्वांत गाजलेला, आणि तितकाच वादग्रस्त, चित्रकार चांग दाछ्येन.

चांगचा जन्म 1899चा, सेचुआन प्रांतातला. जुन्या चित्रकारांची नक्कल करीत तो शिकला, आणि ती इतकी हुबेहूब साधली की त्याने केलेली ‘प्राचीन’ चित्रे जाणकारांनी आणि संग्रहालयांनीही अस्सल म्हणून घेतली. तो स्वतःही मोठा संग्राहक होता. घर घेण्यासाठी ठेवलेला पैसा त्याने एका जुन्या चित्रपटावर, म्हणजे कापडावर रंगवलेल्या लांबलचक गुंडाळीवर, खर्च केला, अशी हकीकत सांगतात. ‘हान शीत्साइची रात्रीची मैफल’ हे ते चित्र आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे.

1941 ते 1943 या काळात हा माणूस गोबीच्या वाळवंटाकाठी दुनहुआंगच्या लेण्यांत जाऊन राहिला. तिबेटी भिक्षू चित्रकारांना हाताशी धरून त्याने पावणेतीनशेच्या आसपास प्रतिकृती केल्या. तोवर डोंगर, धुके आणि कमळे काढणारा त्याचा कुंचला तिथून परतला तो भरदार मानवी आकृती आणि खनिज रंग घेऊन. पण सोबत एक प्रश्नही आला. दुनहुआंगची चित्रकला चीनची स्वतःची, की भारतातून बौद्ध धर्माबरोबर आलेली उसनवारी? याचे उत्तर पुस्तकात मिळणार नव्हते.

1949च्या अखेरीस त्याने मायभूमी सोडली. 1950 मध्ये दिल्लीत त्याचे प्रदर्शन भरले आणि त्याच वर्षी तो अजिंठ्याला आला. तेव्हा अजिंठा महाराष्ट्रात नव्हता. पोलीस कारवाईला दोन वर्षेही पुरती झाली नव्हती आणि औरंगाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता. वाघोरा नदीच्या त्या वळणावर चांगने सुमारे तीन महिने अभ्यास केला. मग तो दार्जिलिंगला जाऊन राहिला. तिथून त्याचे बिऱ्हाड पुढे अर्जेंटिना, ब्राझील, कॅलिफोर्निया आणि शेवटी तैवानला गेले. मायदेशी तो कधीच परतला नाही.

अजिंठ्याला त्याने ठरवले ते असे: दोन्हीकडचा धर्म एक, कथा एक, पण हात वेगळे. दुनहुआंग ही अजिंठ्याची नक्कल नव्हे. या निष्कर्षात देशाभिमानाचा वाटा किती, हे आपण विचारायला हवे. घर हरवलेल्या माणसाला आपली परंपरा स्वयंभू वाटणे स्वाभाविक आहे. तरी त्याच्या पुढच्या चित्रांत भारतीय नर्तकी अवतरल्या, हेही तितकेच खरे. मताने नाकारलेले ऋण हाताने मान्य केले, असे म्हणायला जागा आहे.

प्रतिकृतीची गोष्ट इतकी साधी नाही. दुनहुआंगला वरचा थर काढून खालचे जुने चित्र पाहण्याच्या नादात चांगने भिंती बिघडवल्या, असा आरोप झाला. तो सिद्ध झाला नाही, पण वाद आजही मिटलेला नाही. आपल्याकडेही नक्कल करणाऱ्यांनी रंग उजळावेत म्हणून अजिंठ्याच्या भिंतींवर व्हार्निश चढवले. ते पिवळे पडले आणि रंगांचे पापुद्रे निघाले. बरे, या खटाटोपातून जे हाती आले तेही टिकले नाही. गिलची बहुतेक चित्रे 1866च्या आगीत गेली, ग्रिफिथ्सच्या चमूची बरीचशी 1885च्या आगीत. जपानी चित्रकार अराई काम्पो यांच्या प्रतिकृती 1923च्या भूकंपात जळाल्या. वाचवण्यासाठी केलेली प्रत जळाली आणि तिच्यापायी दुखावलेली भिंत मात्र उरली.

सातव्या शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला होता. अचल नावाच्या अर्हताने उभारलेला, दाराशी दगडी हत्ती असलेला एक डोंगरातला विहार त्याने वर्णिला आहे. तो अजिंठाच, असे अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी ते हत्ती आजही आहेत, आणि सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात अचलाचे नाव आहे.

त्या यात्रिकाने शब्द नेले. तेराशे वर्षांनी आलेल्याने रेषा नेली. ती आज जगभरच्या संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत विखुरलेली आहे. अशा एखाद्या शाईच्या चित्रातली भारतीय नर्तकी समोर आली, तर तिच्या कमरेची वळणे पाहताना वाघोरेच्या काठची ती अंधारी भिंतही आपण आठवावी.