मनाची रजा आणि संघाचे कर्तव्य

हैदराबादच्या नल्लकुंटा भागातून अंबरपेठ, रामंतापूर ओलांडून पूर्वेस गेले की उप्पलचे राजीव गांधी आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदान लागते. २३ मार्च २०२५ रोजी या मैदानावर ईशान किशनने सनरायझर्स हैदराबादकडून आपल्या पहिल्याच सामन्यात राजस्थान रॉयल्सविरुद्ध ४७ चेंडूंत नाबाद १०६ धावा केल्या. त्या दिवशी त्याच्यापाशी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा वार्षिक करार नव्हता. तो का नव्हता, याची हकीकत व्यावसायिक खेळाडूच्या मनःस्वास्थ्याचा आणि संघकर्तव्याचा पेच समजून घेण्यास उपयोगी आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिका दौऱ्यातील कसोटी संघातून किशनला मुक्त करण्यात आले. मंडळाच्या निवेदनात ‘वैयक्तिक कारण’ एवढेच नमूद होते. मानसिक थकव्याची बाब वृत्तपत्रांतून पुढे आली. त्याने विश्रांती मागितली व ती आम्ही मान्य केली, यात शिस्तीचा प्रश्न नाही, असे प्रशिक्षक राहुल द्रविड यांनी जानेवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले. मात्र त्यानंतर किशन झारखंडकडून रणजी सामन्यांत उतरला नाही आणि फेब्रुवारीत नवी मुंबईतील डी. वाय. पाटील ट्वेंटी-२० स्पर्धेत खेळताना दिसला. २८ फेब्रुवारी रोजी जाहीर झालेल्या करारयादीत त्याचे व मुंबईच्या श्रेयस अय्यरचे नाव नव्हते. मंडळाने कारण दिले नाही. राष्ट्रीय संघाकडून खेळत नसताना देशांतर्गत क्रिकेटला प्राधान्य द्यावे, एवढी शिफारस केली. एप्रिल २०२५ मध्ये दोघांनाही करार पुन्हा मिळाला.

पेच कोठे आहे?

मोडलेल्या बोटाचे क्ष-किरण छायाचित्र दाखवता येते. मनाच्या शिणाचे दाखवता येत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास खरी विश्रांती आणि कर्तव्यातील टाळाटाळ सारखीच दिसते. त्यातच ‘वैयक्तिक कारण’ हा शब्दप्रयोग दुधारी आहे. तो खेळाडूची अब्रू झाकतो, पण संशयासही वाट मोकळी ठेवतो. इंग्लंडचा मार्कस ट्रेस्कोथिक २००६ मध्ये भारत दौरा अर्धवट सोडून परतला, तेव्हा प्रथम वैयक्तिक कारण आणि पुढे विषाणूबाधेचे कारण सांगण्यात आले. खरे कारण नैराश्याचे होते. ते उघड होईपर्यंत आजारासोबत लपवाछपवीचे ओझेही त्याला वाहावे लागले.

याउलट ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलने ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी मनःस्वास्थ्यासाठी विश्रांती घेतली, तेव्हा तेथील मंडळाने कारण स्पष्ट शब्दांत जाहीर केले. काही आठवड्यांतच तो मैदानावर परतला. विराट कोहलीने त्या वेळी मॅक्सवेलचे समर्थन करताना स्वतःच्या २०१४ च्या इंग्लंड दौऱ्याची आठवण सांगितली होती. त्या दौऱ्यात कसोटीच्या १० डावांत त्याच्या अवघ्या १३४ धावा झाल्या होत्या आणि मनाची ती अवस्था तेव्हा कोणापाशी बोलता आली नव्हती. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज हिनेही ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात नाबाद १२७ धावा केल्यानंतर, स्पर्धेदरम्यान आपण तीव्र चिंतेतून जात होतो, हे मोकळेपणाने सांगितले.

कायदा आणि व्यवहार

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये मानसिक आजारी व्यक्तीस आपल्या आरोग्याविषयी व उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क आहे. त्यामुळे निदान चव्हाट्यावर मांडण्याची सक्ती खेळाडूवर करता येणार नाही. पण गोपनीयता लोकांपासून असावी, संघाच्या वैद्यकीय पथकापासून नव्हे. रजा किती काळाची, तपासणी कोण करणार, त्या काळात कोणते सामने खेळावयाचे व कोणते नाही, आणि जाहीरपणे काय सांगावयाचे, या चार गोष्टी आरंभीच लेखी ठरल्या तर पुढील गैरसमज बऱ्याच अंशी टळतात. विश्रांती मान्य करणारे एक आणि गैरहजेरीचा हिशेब मांडणारे दुसरे, अशी स्थिती असल्यास खेळाडू दोहोंमध्ये भरडला जातो.

हे केवळ कोट्यवधींच्या करारांपुरते नाही. गोव्यातील क्लबचा फुटबॉलपटू किंवा वयोगटाच्या संघातील क्रिकेटपटू सरावास येईनासा झाला, तर त्याला संघातून वगळण्याआधी त्याची विचारपूस व्हावयास हवी. बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत उपचारांची सोय आहे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. संघाची शिस्त आवश्यकच आहे. परंतु गैरहजर खेळाडूला कारण विचारणे हाही त्या शिस्तीचाच भाग मानला पाहिजे.