घाम परदेशी, पुंजी मायदेशी

पोटासाठी समुद्र ओलांडणाऱ्या माणसांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांची जहाजे, त्यांची पत्रे, त्यांचा विरह आणि सुट्टीवर येताना त्यांनी आणलेल्या वस्तू, सारे काही लेखणीने टिपले. मात्र त्यांच्या उशाशी रात्रंदिवस बसलेले दोन प्रश्न बहुधा हिशेबाच्या वहीतच राहिले. मिळवलेला पैसा सुखरूप घरी कसा पोहोचवावा, हा पहिला प्रश्न. हातपाय थकल्यावर आपल्याला कोण पोसणार, हा दुसरा. गेल्या शंभर वर्षांचा इतिहास चाळला असता आम्हांला असे दिसते की, पहिला प्रश्न हळूहळू सुटत गेला आणि दुसरा मात्र बव्हंशी जिथल्या तिथेच राहिला. पैशाला सीमा ओलांडता आली; हक्काला ती ओलांडता आली नाही.

कुडीतली पेटी

मुंबईच्या धोबीतलाव परिसरात गोमंतकीयांच्या ज्या कुडी उभ्या राहिल्या, त्या एका अर्थाने आपल्या परदेशगामी कष्टकऱ्यांच्या पहिल्या पेढ्याच होत. प्रत्येक कूड एकेका गावाची. महिन्याची किरकोळ वर्गणी भरावी, जहाज मिळेपर्यंत तेथे राहावे, सायंकाळी सर्वांसमवेत रोझरी म्हणावी आणि सफरीवर जाताना आपली पेटी तेथेच ठेवून निघावे, असा तरवोट्यांचा क्रम असे. या पेटीला व्याज नव्हते, परंतु तिच्यावर गावाची नजर होती. काही कुडींनी सभासदाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मदत देण्याची सोयही केली होती. सरकार जिथे पोहोचले नव्हते, तिथे गावाने आपल्या परीने उत्तर शोधले होते.

सरकारी बाजूची कथा तितकी सुखद नाही. १९११ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विमा कायदा झाला. या कायद्यानुसार ब्रिटिश जहाजांवरील हिंदी खलाशांपोटीही जहाजमालकांना वर्गणी भरावी लागे. तथापि हे खलाशी ब्रिटनचे रहिवासी नसल्यामुळे त्यांना त्यातून काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ती रक्कम एका खास निधीत जमा होई आणि तिचा लाभ ब्रिटिश खलाशांच्या वार्धक्याला होई. हिंदी खलाशांच्या संघटनांनी पुढे याविरुद्ध आवाज उठवला. भारतीय खलाशांसाठी स्वतंत्र भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आपल्या संसदेने केला तो १९६६ साली. वर्गणी एका देशात आणि म्हातारपण दुसऱ्या देशात, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

परक्या तिजोरीतले धन

परदेशी मिळवलेला पैसा तेथेच ठेवला तर काय होते, याचे धडे आपल्या लोकांना अनेकदा मिळाले. ब्रह्मदेशात १९६४ मध्ये लष्करी राजवटीने दुकाने व पेढ्या ताब्यात घेतल्या आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात पन्नास व शंभर क्यातच्या नोटा रद्द केल्या. भारतीय कुटुंबे अक्षरशः रिकाम्या हातांनी बोटीत चढली. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या ईदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्मावले. त्यांत शाळांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून हयात घालवलेले गोमंतकीयही होते. घरे, दुकाने आणि बँकेतील शिल्लक मागे राहिली.

पैसा मायदेशी ठेवला म्हणून तो सुरक्षित राहीलच, असेही नव्हते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होण्याच्या सुमारास बांको नासियोनाल उल्त्रामारीनो या पोर्तुगीज बँकेने गोमंतकीयांनी तारण ठेवलेले सोन्याचे दागिने लिस्बनला हलवले. ते परत आले १९९१ साली, तब्बल तीस वर्षांनी. गहाण ठेवणाऱ्या कित्येकांनी तोवर डोळे मिटले होते. मायदेशाची व्याख्याच रातोरात बदलली की ठेवीदाराची काय गत होते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आखातातला रुपया

आखाताची कथा मात्र वेगळ्या वळणाने सुरू होते. तेलाच्या पैशाआधी तेथे चालत होता तो आपला रुपया. कुवेत, बहारीन, कतार आणि दुबई या साऱ्या बाजारांत व्यवहार रुपयांत होत. बहारीनमध्ये १८८४ पासून भारतीय टपाल खात्याची कचेरी होती. त्या काळी तेथे नोकरी करणाऱ्याला चलनाची चिंता नव्हती. मुंबईत जो रुपया, तोच मनामात.

ही सोय मोडली ती सोन्याने. दुबईत सोने स्वस्त, मुंबईत महाग. चोरट्या मार्गाने सोने इकडे येई, त्याच्या मोबदल्यात रुपयांच्या नोटा तिकडे जात आणि तेथील बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे पाठवून पौंड मागत. देशाची परकीय गंगाजळी अशा रीतीने झिरपू लागली. म्हणून १९५९ मध्ये कायदा दुरुस्त करून केवळ आखातात चालणाऱ्या वेगळ्या रंगाच्या नोटा काढण्यात आल्या. कुवेतने १९६१ मध्ये व बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. राहिलेल्यांवर ६ जून १९६६ रोजी कुऱ्हाड कोसळली. त्या दिवशी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला आणि आखाती रुपयात साठवलेली पुंजी एका रात्रीत एक तृतीयांशाहून अधिक हलकी झाली. कतार आणि दुबईने रुपयाला निरोप दिला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत रेंगाळला.

खाते, हवाला आणि कुवेत

१९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, आखातात बांधकामांची धूम उठली आणि आपल्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांतला एक तरी तरुण तिकडे निघाला. त्याआधीच, १९७० साली, सरकारने अनिवासी भारतीयांसाठी परदेशी पैशाचे रुपया खाते सुरू केले होते. ‘एनआरई’ या नावाने ते आज घरोघरी ठाऊक आहे. १९७५ मध्ये परकीय चलनातील ठेवींची योजना आली. परंतु १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याची, म्हणजे ‘फेरा’ची, दहशत मोठी होती. सरकारी दर आणि बाजारातील दर यांत अंतर होते. बँकेचा ड्राफ्ट रजिस्टर टपालाने येण्यास व वटण्यास आठवडे लागत, तर हवाल्याचा माणूस दुसऱ्या दिवशी दार ठोठावी. बेकायदा असूनही ही वाट रुळली, याचे कारण केवळ लोभ नव्हे. घरी आजारी माणूस असताना कोण आठवडेच्या आठवडे थांबेल? मार्च १९९३ मध्ये विनिमयाचा दर एक झाला आणि या धंद्याचा पायाच खचू लागला. १ जून २००० पासून ‘फेरा’ जाऊन ‘फेमा’ आला. चलनाच्या नियमाचा भंग हा तोवर फौजदारी गुन्हा होता, तो दिवाणी स्वरूपाचा झाला.

दरम्यान २ ऑगस्ट १९९० उजाडला. इराकने कुवेत गिळंकृत केले. तेथे दीड लाखाहून अधिक भारतीय होते. बँका बंद पडल्या, इराकने कुवेती दिनार रद्द ठरवला आणि आयुष्याची कमाई कागद होऊन बसली. अम्मानमार्गे एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या करून एक लाखावर माणसे परत आणली. ज्यांनी दरमहा घरी पैसा पाठवला होता, त्यांच्याकडे निदान काही होते. ज्यांनी ‘परत जाताना एकदमच नेऊ’ म्हणून तेथेच साठवला होता, ते एका पिशवीनिशी सहार विमानतळावर उतरले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगामार्फत इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून नुकसानभरपाई मिळाली, पण त्यासाठी वर्षे जावी लागली.

नियतीचा विरोधाभास असा की, त्याच संकटाच्या दिवसांत अनिवासी ठेवीदारांनीही आपल्या परकीय चलनातील ठेवी भराभर काढून घेतल्या आणि १९९१ मध्ये देशाला सोने गहाण ठेवावे लागले. घर आणि परदेशी गेलेला मुलगा एकमेकांवर किती अवलंबून असतात, हे त्या वर्षी दोघांनाही कळले.

न ओलांडलेली सीमा

आता दुसरा प्रश्न. निवृत्तिवेतनाला सीमा ओलांडता यावी म्हणून पहिला द्विपक्षीय करार फ्रान्स आणि इटली यांच्यात १९०४ मध्ये झाला. त्यातून पुढे दोन तत्त्वे रूढ झाली. एकाच काळासाठी माणसाकडून दोन देशांत वर्गणी घेऊ नये, हे एक. आणि दोन्ही देशांतील सेवेच्या वर्षांची बेरीज करून हक्क ठरवावा, हे दुसरे. भारताचा असा पहिला करार बेल्जियमशी झाला आणि तो १ सप्टेंबर २००९ रोजी अमलात आला, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी. त्यानंतर जर्मनी, फ्रान्स, कॅनडा, जपान, पोर्तुगाल आदी देशांशी करार झाले. अमेरिकेशी मात्र असा करार झालेला नाही. तेथे निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यास साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते. त्याआधी परतणाऱ्या आपल्या तरुणाचे पैसे तेथेच राहतात. खलाशांच्या त्या जुन्या निधीची आठवण येते ती अशी.

आखातात तर परक्या कामगाराला निवृत्तिवेतनाचा रिवाजच नाही. तेथे मिळते ती सेवासमाप्तीची रक्कम. संयुक्त अरब अमिरातीतील नियम पाहू. पहिली पाच वर्षे दरवर्षी एकवीस दिवसांचे आणि त्यापुढे दरवर्षी तीस दिवसांचे मूळ वेतन. वीस वर्षे राबणाऱ्याचा हिशेब ५५५ दिवसांचा, म्हणजे जेमतेम साडेअठरा महिन्यांच्या मूळ पगाराचा होतो. घरभाडे, प्रवास इत्यादी भत्ते त्यात धरले जात नाहीत. या रकमेत घराचे छप्पर होते, मुलीचे लग्न होते; म्हातारपण होत नाही.

म्हणून मायदेशातील वर्गणीला महत्त्व येते आणि नेमकी तिथेच आपली माणसे फसतात. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कारखाने व आस्थापनांतील कामगारांसाठी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तीत दहा वर्षांची सेवा आवश्यक आहे. समजा, एखाद्याने येथे सात वर्षे नोकरी केली आणि आखाताचा व्हिसा येताच तिकिटासाठी सारा फंड काढून घेतला. परतल्यावर त्याने आणखी पाच वर्षे नोकरी केली. बारा वर्षे राबूनही त्याला निवृत्तिवेतन नाही, कारण आधीची सात वर्षे त्याने मोडून खाल्ली. त्याच वेळी रक्कम न काढता योजनेचे प्रमाणपत्र घेतले असते, तर ती वर्षे पुढच्या सेवेत मिळवली गेली असती. एका कागदाच्या अभावी अनेक वृद्ध आज मुलांच्या तोंडाकडे पाहत आहेत.

जाणाऱ्यांनो, ऐका

इतिहासाने शिकवलेले शेवटी नित्याच्या व्यवहारात उतरले पाहिजे. परदेशी जाताच येथील साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घेणे कायद्याने आवश्यक आहे. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे जुने खाते मुदत संपेपर्यंत चालवता येते, नवे मात्र उघडता येत नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीचे दार अनिवासी भारतीयांना २०१५ पासून खुले आहे. दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षे दावा न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. वारसाला ती मागून घेता येते, पण त्यासाठी खाते होते हे त्याला माहीत तर हवे. म्हणून वारसनोंद करावी आणि घरच्यांना सांगून ठेवावे. आपल्याकडे पैशाविषयी बायकोशी बोलणे अनेकांना कमीपणाचे वाटते. हा संकोच फार महाग पडतो.

धर्मग्रामांतून, पतपेढ्यांतून, युवक मंडळांतून परदेशी निघालेल्या तरुणांना निरोप देण्याची प्रथा आहे. हार घालण्यापूर्वी त्यांच्या हाती हा व्यवहार समजावून सांगणारे चार शब्द दिले, तर तो निरोप अधिक सार्थ होईल. कुडीने पेटी सांभाळली, कारण पेटीचा मालक एक दिवस परत येणार हे गाव विसरले नव्हते. तो परत येईल तेव्हा तरुण नसेल, एवढेच आम्हां सर्वांना आता लक्षात ठेवायचे आहे.