मेटॅलिका, नॅप्स्टर आणि कॉपी करणारे आपण

३ मे २००० या दिवशी कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओ इथे एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात तेरा खोकी येऊन पोचली. खोक्यांत कागद होते आणि कागदांवर नावं होती. एकूण ३,३५,४३५ युजरनेम. खोकी घेऊन आला होता 'मेटॅलिका' या बँडचा ड्रमर लार्स उलरिक. कंपनीचं नाव होतं नॅप्स्टर. यादीतली माणसं कोण? मेटॅलिकाची गाणी इंटरनेटवरून एकमेकांना देणारी. म्हणजे बहुतेक मेटॅलिकाचे चाहतेच. लार्सची मागणी अशी होती की या सगळ्यांना नॅप्स्टरवरून काढून टाका.

आपल्याच चाहत्यांची यादी छापून, खोक्यांत भरून नेणारा बँड माझा आवडता बँड आहे. हे घडलं तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, त्यामुळे यादीत माझं नाव असणं शक्य नव्हतं. पण दहा-पंधरा वर्षं आधी जन्मलो असतो तर नक्की असतं. म्हणूनच हा इतिहास मला परक्याचा वाटत नाही. मेटॅलिका ऐकायला लागून मला आता चौदा वर्षं झाली. या काळात बँडशी असलेलं माझं नातं दोन-तीनदा बदललं, आणि दर वेळी बदलाचं कारण गाण्यांत कमी आणि ती गाणी माझ्यापर्यंत कशी येतात यात जास्त होतं.

हा बँड जन्माला आला तोच मुळात कॉपी करण्याच्या सवयीतून. लार्स उलरिक डेन्मार्कचा. वडील नावाजलेले टेनिसपटू. मुलानंही टेनिस खेळावं म्हणून कुटुंब लॉस एंजेलिसला आलं. मुलगा मात्र ब्रिटिश हेवी मेटलच्या नादी लागला. १९८१ मध्ये 'डायमंड हेड' हा बँड ऐकायला तो थेट इंग्लंडला गेला आणि त्यांच्याकडेच मुक्काम ठोकून राहिला. त्याच वर्षी त्यानं एका स्थानिक जाहिरात-पत्रात बँडसाठी माणसं हवीत अशी जाहिरात दिली. तिच्यातून जेम्स हेटफिल्ड भेटला. थोडक्यात, मेटॅलिका सुरू करणारा माणूस आधी पक्का फॅन होता.

जुलै १९८२ मध्ये त्यांनी सात गाण्यांची एक डेमो कॅसेट केली, 'नो लाइफ टिल लेदर'. तेव्हा रेडिओवर असलं संगीत लागत नसे आणि मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. पण अमेरिकेत आणि युरोपात कॅसेटी अदलाबदल करणाऱ्यांचं एक जाळं होतं. मी तुम्हाला माझ्याकडची कॅसेट कॉपी करून पोस्टानं पाठवायची, तुम्ही मला तुमच्याकडची. साठ मिनिटांची कॅसेट कॉपी करायला साठ मिनिटं लागायची. प्रत्येक कॉपीत थोडी खरखर वाढायची. तरी ही डेमो पसरत पसरत पार दुसऱ्या किनाऱ्यावर, न्यू जर्सीत, बाजारात रेकॉर्ड विकणाऱ्या जॉन झझुलापर्यंत पोचली. त्यानं या पोरांना बोलावून घेतलं आणि 'मेगाफोर्स' ही कंपनी काढून जुलै १९८३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम बाहेर आणला. फुकट कॉपी करणारे नसते, तर हा अल्बम निघाला असता की नाही, शंकाच आहे.

माझ्यापर्यंत मेटॅलिका आली तीही कॉपी होऊनच. २०११ च्या दिवाळीत पुण्याला इंजिनिअरिंग करणारा आतेभाऊ सांगलीला आमच्याकडे आला. त्याच दिवसांत मेटॅलिका पहिल्यांदा भारतात आली होती. २८ ऑक्टोबरचा गुरगावचा कार्यक्रम आयत्या वेळी झाला नाही, चिडलेल्या गर्दीनं स्टेजची मोडतोड केली आणि दोन दिवसांनी बंगळूरुच्या पॅलेस ग्राउंड्सवर बँड वाजवून गेला. दादाला तिकीट परवडलं नव्हतं. त्यामुळे तो चिडलेला होता आणि तासन् तास मेटॅलिकावर बोलत होता. जाताना त्यानं चार जीबीचा पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. 'घरचे झोपल्यावर हेडफोन लावून ऐक,' एवढंच म्हणाला.

त्या पेनड्राइव्हमध्ये काही गाण्यांची नावं चुकलेली होती, एक गाणं मध्येच तुटत होतं आणि दोन गाणी तर दुसऱ्याच बँडची निघाली. मला फरक पडला नाही. हे संगीत कुणीतरी मला दिलंय, आणि त्याला कुणीतरी दिलं होतं, ही साखळी त्या फाइलींच्या नावांतच दिसायची. पुढे हॉस्टेलला गेल्यावर ती प्रचंड मोठी झाली. लॅनवर डीसी प्लस प्लस चालायचं, कुणाच्या हार्डडिस्कवर काय आहे ते सगळ्यांना दिसायचं. ज्याच्याकडे जास्त गाणी, त्याचा मान जास्त. एके दिवशी कॉलेजनं ते बंद केलं. तेव्हा एका सिनिअरनं सांगितलं, 'बाबांनो, याची सुरुवात तुमच्या लाडक्या मेटॅलिकानंच केली.' त्या रात्री मी नॅप्स्टरचं प्रकरण पहिल्यांदा वाचून काढलं.

नॅप्स्टर १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या कॉलेजातल्या पोरानं तयार केलं. त्याची रचना साधी होती. गाणी कंपनीच्या सर्व्हरवर नव्हतीच, ती लोकांच्या आपापल्या कॉम्प्युटरवर होती. सर्व्हरवर होती फक्त यादी, कोणाकडे काय आहे त्याची. या यादीमुळेच नॅप्स्टर इतकं सोयीचं होतं आणि त्या यादीनंच ते अडकलं. कारण यादी जशी चाहत्याला दिसते तशी वकिलालाही दिसते. मेटॅलिकाच्या बाजूनं एका सल्लागार कंपनीनं फक्त बघून नावं उतरवून घेतली.

ठिणगी पडली ती 'आय डिसॅपिअर' या गाण्यावरून. 'मिशन इम्पॉसिबल २' या सिनेमासाठी ते गाणं चाललं होतं. काम पूर्ण व्हायच्या आतच ते अमेरिकेतल्या रेडिओ स्टेशनांवर वाजू लागलं. माग काढत गेल्यावर नॅप्स्टर सापडलं, आणि तिथे या गाण्यासोबत बँडचे सगळेच अल्बम होते. १३ एप्रिल २००० ला खटला दाखल झाला. नॅप्स्टरसोबत तीन विद्यापीठांनाही त्यात ओढलं होतं. येल आणि इंडियाना यांनी आपल्या नेटवर्कवर नॅप्स्टर बंद केलं आणि ती सुटली. खोकी पोचल्यावर नॅप्स्टरनं तीन लाखांहून जास्त जणांची खाती बंद केली. जुलैत लार्सनं अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली. सप्टेंबरात एमटीव्हीच्या सोहळ्यात फॅनिंग मेटॅलिकाचा टी-शर्ट घालून स्टेजवर आला. पुढच्या वर्षी, जुलै २००१ मध्ये, नॅप्स्टर बंद पडलं.

हॉस्टेलमध्ये वाचताना मला राग आला होता. वर्षभर मी मेटॅलिका लावली नाही. माझं म्हणणं होतं की ज्या शिडीनं तुम्ही वर चढलात, तीच आता ओढून घेताय. पण आणखी वाचत गेल्यावर एक अडचण लक्षात आली. हाच बँड १९९० च्या दशकात आपल्या कार्यक्रमांत चाहत्यांना रेकॉर्डिंग करू देत होता. त्यासाठी माइक घेऊन येणाऱ्यांना वेगळी जागा ठेवलेली असे. म्हणजे कॉपीशी त्यांचं वैर नव्हतं. सिनेटसमोर लार्सचा मुद्दाही तोच होता. आम्ही बनवलेली गोष्ट फुकट द्यायची की नाही, हे आम्हाला ठरवू द्या. आम्हाला कुणी विचारलंच नाही.

हा मुद्दा मला पटला तो नोकरीला लागल्यावर. फावल्या वेळात मी कोडची एक छोटी लायब्ररी लिहून सगळ्यांसाठी मोकळी ठेवली होती. वापरा, बदला, विका, अट एकच, माझं नाव तेवढं राहू द्या. वर्षभरानं एका कंपनीच्या उत्पादनात ती जशीच्या तशी दिसली, नाव तेवढं गाळलेलं. माझं एका रुपयाचंही नुकसान झालं नव्हतं, कारण मी ती फुकटच दिली होती. तरी दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. 'विचारलंच नाही' या तक्रारीत पैशाचा वाटा किती थोडा असतो, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून मी लार्सच्या बाजूनं गेलो का? पूर्ण नाही. फाइल चाहत्याच्या हातात असल्यानं काय होतं, याचं एक उदाहरण मेटॅलिकाच्याच इतिहासात आहे. सप्टेंबर २००८ मध्ये 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आला. तेव्हा गाणी जास्तीत जास्त मोठ्या आवाजात वाजावीत म्हणून आवाजातले चढ-उतार दाबून टाकायची चढाओढ होती आणि हा अल्बम त्यात फार पुढे गेला होता; गिटार फाटल्यासारखी ऐकू यायची. तीच गाणी 'गिटार हिरो' या गेममध्येही आली होती, पण तितकी न दाबता. चाहत्यांनी दोन्हींच्या ध्वनिलहरी शेजारी-शेजारी मांडून दाखवल्या. सीडीवरच्या लहरी विटांसारख्या सपाट, गेममधल्या खऱ्या. मग त्यांनी गेममधल्या आवाजांवरून अल्बमची आपापली सुधारित प्रत तयार केली. हे काम इंजिनिअरचंच होतं, पगार न घेता केलेलं. परवानगी कुणी मागितली नव्हती, आणि अल्बम वाचवायची धडपडही त्यांचीच होती.

दोघांचंही खरं असलं की निकाल तिसऱ्याच्या बाजूनं लागतो. २०१२ मध्ये मेटॅलिकानं स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि आपल्या अल्बमच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी स्वतःकडे घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांची गाणी स्पॉटिफायवर आली. घोषणेच्या वेळी लार्सच्या शेजारी बसला होता शॉन पार्कर, नॅप्स्टरच्या संस्थापकांपैकी एक. भांडण मिटलं असं सगळ्यांनी लिहिलं. भारतात स्पॉटिफाय आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. मी पहिल्याच आठवड्यात घेतलं आणि माझी जुनी हार्डडिस्क कपाटात गेली.

पण भांडण होतं ते 'ठरवणार कोण' यावर. त्याचं उत्तर फेब्रुवारी २०२१ मध्ये जगानं ऐकलं. 'ब्लिझकॉन' या गेमिंग सोहळ्यात मेटॅलिका ऑनलाइन वाजवत होती. ट्विचच्या एका अधिकृत चॅनेलवर गाणं सुरू झालं आणि बँडचा आवाज गायब झाला. त्या जागी खेळण्यातल्यासारखी, कॉपीराइटची भीती नसलेली धून वाजू लागली. पडद्यावर हेटफिल्ड जोर लावून गातोय आणि ऐकू येतेय टुणटुण. मूळ ध्वनिमुद्रणांचे मालक असलेला बँड स्वतःचं गाणं वाजवत होता, चाहते ते ऐकायला बसले होते, दोघांची संमती होती. तरी मध्ये बसलेल्या प्लॅटफॉर्मनं स्वतःच्या सोयीनं आवाज बदलला.

लोक यावर खूप हसले, 'लार्सला त्याचंच औषध' वगैरे. मला त्यात आपलीही अवस्था दिसते. मी दरमहा पैसे भरतो आणि माझ्याकडे एकही गाणं नाही. उद्या करार मोडला तर अल्बम जाईल, आणि मला कुणी विचारणार नाही. बँडलाही कदाचित विचारणार नाहीत.

एक जुनी गंमत आहे. ती पहिली डेमो, 'नो लाइफ टिल लेदर', मेटॅलिकानं २०१५ मध्ये अधिकृतपणे पुन्हा काढली, तीही कॅसेटवरच. एके काळी जी कॉपी करून वाटण्यासाठी होती, ती आता संग्राह्य वस्तू झाली. पण कॅसेट आहे म्हणजे ती हातात धरता येते, मित्राला देता येते, आणि देताना तो मित्र समोर असतो.

माझा मावसभाऊ पंधरा वर्षांचा आहे. 'स्ट्रेंजर थिंग्ज' बघून तो मेटॅलिकाकडे आला. मला लिंका पाठवतो, मी त्याला पाठवतो. बँड आपल्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग २००४ पासून स्वतःच विकतो. त्यातली एक मी विकत घेतली, फाइल उतरवून घेतली आणि त्याला पेनड्राइव्हवर दिली. पैसे बँडला पोचले होते आणि कॉपी माणसाकडून माणसाकडे गेली होती. नियमांत हे बसतं का, मी तपासलेलं नाही. त्यानं पेनड्राइव्ह उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, 'दादा, हे फोनला कुठे लावायचं?'