बाह्यकंकाल, शक्तिचलित

शरीरावर बाहेरून बांधून सांध्यांच्या हालचालींना चलित्राने (मोटरने) साहाय्य करणारे साधन. सेंट पीटर्झबर्गच्या निकोलस याग्न यांना चालणे व धावणे सुलभ करणाऱ्या स्प्रिंगयुक्त साधनाचे अमेरिकन एकस्व (पेटंट) १८९० मध्ये मिळाले. त्यात चलित्र नव्हते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६५ पासून विकसित केलेले ‘हार्डीमन’ हे यंत्र सुमारे ६८० किग्रॅ. ओझे उचलण्यासाठी योजलेले होते. परंतु त्याचे स्वतःचे वजनही जवळजवळ तितकेच असून त्याचा केवळ एक हातच नीट चालू शकला. साधन वाहण्यास लागणारी ऊर्जा त्याने वाचविलेल्या ऊर्जेहून कमी असणे आवश्यक असते आणि पावलाजवळचा भार तर अधिकच थकवितो. हलकी चलित्रे व विद्युत् घटमाला (बॅटऱ्या) उपलब्ध झाल्यावर ही अडचण कमी झाली. हार्व्हर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या सुमारे ५ किग्रॅ. वजनाच्या कापडी साधनाने नितंबसांध्यास साहाय्य करून चालण्यातील ऊर्जाव्यय ९.३ टक्के, तर धावण्यातील ४ टक्के घटविल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कंबर व मांड्यांना बांधावयाची याहून हलकी साधने २०२५ मध्ये चीनमधील ताई पर्वतावर पर्यटकांना भाड्याने मिळू लागली. दुर्बल व्यक्तीस यांमुळे चढण शक्य होते. व्यायाम करणाऱ्याच्या बाबतीत मात्र वाचलेले श्रम म्हणजे न घडलेला व्यायाम होय. त्यामुळे अधिक अंतर चालले गेले, तरच त्यास यांचा लाभ होतो.