राब, वेठ आणि सुके बोंबील

आम्हा पाचूबंदरच्या लोकांना इतिहास म्हटलं की वसईचा किल्ला. १७३९, चिमाजी अप्पा, संपला विषय! पण आपल्याच पालघर जिल्ह्याच्या डोंगरातला इतिहास आपल्याला कुणी सांगितलाच नाही.

आषाढात दोन दिवस जव्हारच्या बाजूला पायी भटकलो. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरं, गुडघाभर चिखलात आवणी चाललेली, वरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई. एका वारली घरात जेवायला थांबलो. आईने बांधून दिलेले सुके बोंबील पुढे केले, तशी आजी खुलल्या. पावसाळ्यात डोंगरातल्या कालवणाला आधार आपल्या किनाऱ्याच्या सुक्या मासळीचा, हे नातं फार जुनं.

खाचराच्या कडेला काळा वाफा होता, तो राब. झाडांच्या फांद्या, पाला, शेण पसरून उन्हाळ्यात जाळायचं आणि पावसाच्या तोंडावर त्यात भात पेरायचं. म्हणजे भाताचं रोप जंगलावर अवलंबून. १८७८ च्या वनकायद्यानंतर इंग्रज सरकारने जंगलं राखीव करत नेली आणि राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधनं आली. ठाणे-कुलाब्यात इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. तरी जंगल सरकारकडेच राहिलं. जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या आणि मालकाच्या शेतावर वेठ नशिबी आली. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवराबायको दोघंही राबायला बांधलेले. त्याला 'लग्नगडी' म्हणत.

आजींचं माहेर तलासरीकडचं. त्यांच्या वडिलांनी वेठ केली होती. "बापाच्या पाठीवर वळ होते," एवढंच त्या बोलल्या आणि भाकरी उलटली.

२३ मे १९४५ ला उंबरगाव तालुक्यात झरी गावी हजारो वारली जमले. रोज बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम नाही, वेठ तर नाहीच, असं ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं गेले. पण वेठ मोडली ती मोडलीच. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' मिळालं तर जरूर वाचा.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली या घराला जमिनीचा कागद मिळालाय, पण कसतात त्यापेक्षा कमी जमिनीचा. आजींच्या मुलाने तो प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला. उरलेल्या तुकड्यासाठी तो अजून खेपा घालतोय.

घरच्या मंडळींनो, पुढच्या वेळी पाहुण्यांना किल्ला दाखवाल, तेव्हा हेही सांगा.