दलाल

मुंबईच्या फोर्टातल्या दलाल स्ट्रीटवर उभं राहिलं की मला आधी आठवतो तो वड. 1850 च्या दशकात टाऊन हॉलसमोर त्याच्या सावलीत मोजके दलाल शेअरांचे सौदे करत. गर्दी वाढली, जागा बदलत गेल्या. 1874 मध्ये ते या गल्लीत स्थिरावले आणि 1875 मध्ये त्यांची संघटना झाली, आजचा मुंबई शेअर बाजार. गल्लीला नाव मिळालं ते त्यांच्या धंद्याचं.

‘दलाल’ मूळ अरबी, फारसीतून मराठीत रुळलेला. अर्थ, वाट दाखवणारा! ‘दलील’ त्याच धातूतला, म्हणजे पुरावा. घेणाऱ्याला देणाऱ्यापर्यंत नेणारा हा वाटाड्या. आपण मात्र त्याची शिवी केली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.